एकेचाळीस आणि बेचाळीस

साडेदहा वाजलेत. बाहेरच्या काउंटरवर पिशवी ठेवतो, बिल्ला खिशात टाकतो आणि आत शिरतो. पुण्यातल्या एका विद्यापीठाचं हे ग्रंथालय. नाव सांगत नाही, कारण पुढे एक बारीकशी तक्रार येणार आहे.

वाचनकक्ष गच्च भरलाय, पण इथल्या पुस्तकांसाठी आलेलं कुणी दिसत नाही. स्पर्धा परीक्षावाली मुलं आपली पुस्तकं घरूनच घेऊन आलीत. टेबलावर पाण्याची बाटली, रंगीत हायलायटर, मोबाइल पालथा. एका खुर्चीवर जागा धरायला ओढणी टाकलीय. मला यांच्या पलीकडे, कपाटांत जायचंय.

माझ्या चिठ्ठीवर नाव एकच आहे, दामोदर धर्मानंद कोसंबी. त्याखाली क्रमांक मात्र पाच : ५१६, ५७६, ७३७, ८९१.२, ९५४. देवघेवीच्या टेबलावरचे मामा चष्मा वर करून बघतात.

"हे काय एका विषयाचं आहे का?"

"एका माणसाचं आहे, मामा."

"मग चढा जिने," म्हणतात आणि शिक्का मारायला वळतात.

हे क्रमांक ड्युईचे. मेल्व्हिल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं, प्रत्येक खणाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. सोय झाली यात शंका नाही. पण घर त्यानं स्वतःपुरतं बांधलं आणि बाकीच्यांना ओसरीवर जागा दिली. २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, उरलेले जगातले सगळे धर्म २९० मध्ये. इंग्रजी साहित्याला ८२० पासून अख्खी दहाची ओळ, मराठीला ८९१.४६. दशांश चिन्हाच्या पुढे आपलं बिऱ्हाड.

तळमजल्यावर चालू लागतो. १३३.५ वर फलज्योतिष आहे आणि चार पावलांवर १५० म्हणजे मानसशास्त्र सुरू होतं. शेजारी बोलत असतील की नाही, देव जाणे. २९४.३ पाशी थांबतो. बौद्ध धर्म. चिठ्ठीत हा क्रमांक नाही, पण इथं वडील आहेत. धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध', कोपरे झिजलेलं. त्याला लागून एक जाड पाली ग्रंथ : 'विसुद्धिमग्ग', हार्वर्ड ओरिएंटल सिरीज, खंड ४१, १९५०. गोव्यातून ज्ञानासाठी घर सोडून निघालेले धर्मानंद १९१० साली याच ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला गेले. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडितानं अर्धवट सोडलेलं पाली संपादन त्यांना पुरं करायचं होतं. ग्रंथ छापून आला तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. खंड काढून काखेत घेतो.

पुढे ३३२, पैसा आणि बँका. ३९८.९ वर म्हणी. तिथं रेंगाळायचा मोह होतो, आवरतो. जिना.

पहिला मजला विज्ञानाचा. इथं धूळ कमी आणि उजेड जास्त. ५१६ म्हणजे भूमिती. फिन्स्लर भूमितीच्या एका पुस्तकाची सूची उघडतो. कोसंबी, कार्तां, चर्न, तिन्ही नावं जोडून एका सिद्धांताला. १९३३ साली कोसंबींनी वक्रांच्या कुळांवर लिहिलं आणि एली कार्तांसारख्या फ्रेंच गणितज्ञानं लगेच त्यावर पुढचं लिहिलं. आतलं गणित मला कळत नाही, हे कबूल करून पुस्तक मिटतो.

५७६ च्या कपाटाशी एक मुलगी जमिनीवर मांडी घालून बसलीय. मांडीवर आनुवंशिकीचं पुस्तक, शेजारी लॅपटॉप. माझ्या हातातली चिठ्ठी तिला दिसते.

"काका, तुम्हीपण कोसाम्बी शोधताय?"

"तू कुठं भेटलीस त्यांना?"

ती लॅपटॉप वळवून दाखवते. ज्वारीच्या जनुकांचा नकाशा काढतेय. दोन जनुकं गुणसूत्रावर एकमेकांपासून किती लांब आहेत हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटतात यावरून अंदाज करायचा. पण मधेच दोनदा अदलाबदल झाली तर जनुकं पुन्हा एकत्र दिसतात आणि हिशेब चुकतो. तो चुकू नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय असतात, हॉल्डेन किंवा कोसंबी. ती रोज दुसऱ्यावर क्लिक करते. सूत्र १९४४ चं आहे.

"मला वाटायचं जपानी असतील," ती म्हणते.

"सांकवाळचे. गोव्याचे. पुण्यात राहायचे आणि नोकरीला डेक्कन क्वीननं मुंबईला जायचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत."

"आणि जेनेटिक्स करायचे?"

"गणित शिकवायचे. वरच्या मजल्यावर इतिहासात आहेत."

ती हसते, मी थट्टा करतोय असं तिला वाटतं. मला तिला आणखी सांगावंसं वाटतं, की उतारवयात या माणसानं रीमान गृहीतकाच्या, म्हणजे गणितातल्या सगळ्यात अवघड कोड्यांपैकी एकाच्या सिद्धतेचा दावा कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला होता. तो कुणी मानला नाही. पण ज्वारीवाल्या मुलीला एवढ्यात सगळं कशाला सांगायचं.

दुसरा मजला. ७३७, नाणी. आणि इथं ती तक्रार. संगणकावर 'उपलब्ध' असं स्वच्छ लिहिलेलं कोसंबींचं नाण्यांवरचं पुस्तक फळीवर नाही. त्या जागी दोन बोटं मावतील एवढी फट आहे. मागच्या फळीवर बघतो, ओणवा होऊन खालच्या फळीवर बघतो. नाही. मामांना खालून बोलावतो. ते जिने चढून येतात, फटीकडे बघतात आणि एकच प्रश्न विचारतात.

"पुस्तक कशाचं आहे?"

"नाण्यांचं."

"म्हणजे पैशांचंच ना? चला."

पुन्हा तळमजला, ३३२. चलन आणि महागाई यांच्या मधे ते उभं आहे. पाठीवरचा क्रमांक ७३७ चाच, पण कुणीतरी शीर्षक वाचून इथं लावलेलं. तारखेची चिठ्ठी उघडतो, शेवटचा शिक्का १९९८ चा. म्हणजे कधीपासून ते इथं आहे कोण जाणे. राग यायला हवा, पण येत नाही. लावणारा तितकासा चुकला नाही. कोसंबींनी तक्षशिलेची चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी एकेक करून नाजूक तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, जितकं जास्त फिरेल तितकं हलकं. मग वजनावरून कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे ठरवता येईल. खात्री करायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलून पाहिली. यात सांख्यिकी किती, अर्थशास्त्र किती आणि इतिहास किती, हे ड्युईलासुद्धा सांगता आलं नसतं.

पुन्हा दुसरा मजला. ९५४ ला फार वेळ लागत नाही. 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी', १९५६, तीन प्रती, तिन्ही पेन्सिलीनं खरडलेल्या. या एकाच फळीवर ते सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे इथं माझं काम नाही.

८९१.२, संस्कृत. भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ ची आवृत्ती. शेकडो हस्तलिखितं ताडून कुठला श्लोक मूळचा आणि कुठला मागाहून घुसलेला ते ठरवलंय. तीच नाण्यांची रीत. कुठली प्रत किती हातांतून गेली, किती झिजली. तिच्या बाजूला विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश', वा. वि. गोखल्यांबरोबर संपादलेला. काढतो, पाठ बघतो आणि तिथंच जिन्यात बसतो.

हार्वर्ड ओरिएंटल सिरीज, खंड ४२, १९५७.

काखेतला ग्रंथ पुढे घेतो. ४१, वडील. ४२, मुलगा. छापणाऱ्यांनी एकापुढे एक दिलेले क्रमांक. विषय वेगळा, म्हणून इथं त्यांच्यामध्ये दोन मजले.

दोन्ही खाली आणतो. वाचनकक्षात ओढणीच्या शेजारची एक खुर्ची रिकामी झालीय. संध्याकाळपर्यंत टिपणं काढतो. बाहेर चहाच्या टपरीवर गलका वाढतो, ज्वारीवाली मुलगी जाताना दारातून हात करते, मग आतले दिवे एकेक विझू लागतात.

टेबलावर पत्र्याची पाटी आहे : 'पुस्तके वाचून झाल्यावर टेबलावरच ठेवावीत. वाचकांनी कपाटात लावू नयेत.' नाण्यांचं पुस्तक मामांच्या हातात देतो आणि दोन्ही खंड पाटीपाशी एकाला एक लावून ठेवतो. उद्या सकाळी मामा एक तळमजल्यावर नेतील, एक दुसऱ्या मजल्यावर.