अठ्ठाविसावा दिवस

गणपतीच्या आदल्या दिवशी पनवेलच्या पळस्पे फाट्यावर उभे राहावे, म्हणजे कोकणातला माणूस रस्त्याविषयी काय बोलतो ते ऐकायला मिळते. ते सगळेच छापण्याजोगे नसते! मी मान खाली घालून ऐकतो. कारण माझी हयात रस्त्याच्या कंत्राटांतच गेली.

पूर्वी सरकारी इंजिनियर नकाशा काढी आणि कंत्राटदार त्याबरहुकूम काम करी. नकाशा चुकला तर दोष सरकारचा. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे तसे नव्हते. आराखडा कंत्राटदाराचा, बांधणी त्याची, पैसा उभा करून पुढे टोलमधून वसूल करणेही त्याच्याच माथी. ऐकायला किती सुटसुटीत! पण जमीन मात्र सरकारने ताब्यात घेऊन द्यायची. अशा करारांत 80 टक्के जागा मोकळी मिळाली की मुदतीचे घड्याळ सुरू होते. उरलेल्या 20 टक्क्यांत कुणाचे घर, कुणाची भाऊबंदकी, कुणाचा देव. येथे तर कर्नाळ्याचे अभयारण्यच वाटेत! 2011 साली निघालेले काम जागेपायी नि परवानग्यांपायी अडले. यंत्रे उभी राहिली तरी व्याज उभे राहत नाही. शेवटी तो करार मोडला, कामाचे 42-42 किलोमीटरचे दोन तुकडे झाले आणि रस्त्याची कैफियत हायकोर्टात पोचली.

शेजारी समुद्रावर अटल सेतू झाला, तोही आराखडा-बांधणी एकत्र देऊनच. 2018 ला सुरुवात, जानेवारी 2024 मध्ये खुला. समुद्राला सातबारा नसतो ना! तरी कोळी बांधवांना भरपाई द्यावी लागलीच.

आता माझी गोष्ट. एका कामावर खोदता खोदता नकाशात नसलेला पाण्याचा मोठा नळ लागला. आठ दिवस काम बंद. आराखडा आमचा, म्हणून जमिनीची तपासणीही आमचीच. पण जुन्या नळांची माहिती समोरच्यांनी द्यायची होती, तेव्हा भांडायला जागा होती. समोरचे साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "अहो, आधी काम उरका, पैशाचं मागाहून बघू." मी विश्वासलो. नुकसानीची लेखी सूचना 28 दिवसांच्या आत द्यावी, अशी करारात अट होती. फिडिकच्या आंतरराष्ट्रीय नमुना-करारांतही हीच मुदत आढळते. माझे पत्र गेले एकेचाळिसाव्या दिवशी. तोवर साहेबांची बदली! लवादाने नळाकडे पाहिलेच नाही, पत्रावरची तारीख पाहिली. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्या दिवाळीत मुकादमांना बोनस मिळाला नाही.

शहाणी मंडळी हल्ली काम चालू असतानाच त्रयस्थ तज्ज्ञांचे मंडळ नेमतात. ते साइटवर येते, खड्डा उघडा असतानाच पाहते. दहा वर्षांनी लवादापुढे बुजलेल्या खड्ड्यावर वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त! पण त्या मंडळालाही कागद लागतोच.

परवा फाट्यावर एक तरुण इंजिनियर भेटला. त्याच्याही कामावर जागा अडलेली. मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, रोजचे फोटो आहेत."

"आणि पत्र?"

"साहेब म्हणाले, मागाहून बघू."

"किती दिवस झाले?"

तो बोटांवर मोजू लागला. तेवीस झाले होते. माझी महाडची एस.टी. लागली होती, ती मी सोडली आणि त्याला समोरच्या हॉटेलात कागद घेऊन बसवला.