होडीची पुनर्सज्जा
एका व्यक्तीने वल्हविण्याची जुनी लहान होडी तपासून व दुरुस्त करून पुन्हा वापरायोग्य करण्याची क्रिया. पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) डहाणू खाडी, तसेच तलासरी तालुक्यातील झाईचा किनारा अशा भरती-ओहोटीच्या भागांत लाकडी होडी आळीपाळीने भिजते व वाळते. त्यामुळे फळ्यांचे सांधे उघडतात. टेरेडो हा कृमीसारखा मृदुकाय प्राणी लाकूड आतून पोखरतो. पृष्ठावर बारीक छिद्रेच दिसत असल्याने ही हानी सहज कळत नाही. म्हणून रंग देण्यापूर्वी तळ खरवडून टोकदार हत्याराने लाकडाचा टणकपणा पाहावा लागतो. कुजलेल्या फळ्या बदलून सांध्यांत कापूस ठासतात व त्यावर राळ आणि तेल यांचे मिश्रण लावतात. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) लाकडी होड्यांना काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकचे आवरण देण्याचे प्रयोग केले आहेत. मात्र लाकूड ओले असल्यास असे आवरण नीट चिकटत नाही.

वल्हेकऱ्याची बैठक होडीच्या मध्यानजीक व शक्य तितकी खाली ठेवतात. गुरुत्वमध्य खाली आल्याने स्थैर्य वाढते. शीघ्रप्रवाही नद्यांवरील एकट्याच्या कनू नौकेत पुढेमागे हवेच्या पिशव्या घट्ट बांधतात. खाडीतील होडीतही हवाबंद पिंपे बांधून तोच हेतू साधता येतो. १०० लिटरचे पिंप पूर्ण बुडाल्यास त्यावर सु. १०० किग्रॅ. उत्प्लावक बल कार्य करते. त्यामुळे पाणी भरलेली होडीही तरंगत राहते आणि मदतीस कोणी नसलेल्या वल्हेकऱ्यास तिचा आधार मिळतो.