रातपाळीची मिसळ, दुपारची कोल्ड कॉफी

इचलकरंजीत सकाळचे सात वाजत आलेत. मे महिना आहे, ऊन आधीच भिंतीवरून खाली उतरलंय. गल्लीच्या दोन्ही अंगांना पत्र्याची छपरं आणि त्यांच्या पोटातून एकच आवाज. खटाक खटाक, खटाक खटाक. बोलायचं तर मित्राच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. रातपाळी सुटते आहे. माणसं डोळे चोळत बाहेर येतात. केसांवर, भुवयांवर, बनियनवर कापसाचे तंतू. घराकडे लगेच कुणी वळत नाही. पावलं जातात समोरच्या मिसळीच्या हॉटेलाकडे.

आमचीही तिकडेच. दोघं कोल्हापुराहून तीसेक किलोमीटर दुचाकी हाकत आलेत, एक पुण्याचा. चौथा इथलाच, घरचे यंत्रमाग असलेला. आजचं सगळं खाणं तो ठरवणार.

दारात रांग नाही. खाणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं आणि त्याची ताटली रिकामी व्हायची वाट बघायची, हीच इथली रांग. भट्टीवर मोठं पातेलं, त्यात लालभडक कट रटरटतोय. वाढपी थांबत नाही. मटकीची उसळ, वर बटाट्याची भाजी, मूठभर फरसाण, कांदा, कोथिंबीर. मग पळीभर कट. शेजारी पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. पुण्याचा मित्र जरा बिचकतो, पण पहिला तुकडा बुडवल्यावर गप्प होतो.

“मामा, कट आणा की!”

तीन टेबलांवरून एकदम हाक जाते. कट पुन्हा मागायचा असतो, त्याचे वेगळे पैसे नसतात. समोरचा विणकर तिसऱ्यांदा मागतो. बारा तास उभं राहिलेल्या माणसाचं हे जेवणच आहे. नाक पुसतो, लिंबू पिळतो, शेवटची स्लाइस ताटलीभर फिरवतो आणि उठतो. त्याची जागा भरायला क्षणही लागत नाही.

बाहेर चहाचा गाडा. इथं उभ्या उभ्या हिशेब चालतात. किती मीटर निघालं, बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, कधी उतरणार, नव्या बीमचे धागे जोडणारा वहिफणीवाला कधी येणार. मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांवर, ठरते. माग बंद राहिला तर विणकराचा तेवढा वेळ फुकट जातो, म्हणून चहाही दोन घोटांत संपतो. या गावात पहिला यंत्रमाग आला 1904 साली. आता गावात नि आसपास लाखाहून जास्त माग आहेत, असं आमचा मित्र सांगतो. सांगताना त्याचं लक्ष गाड्यावरच्या दोन रिकाम्या बाकड्यांकडे जातं. पलीकडच्या शेडमधले जुने साधे माग भंगारात निघाले. तिथली माणसं पांगली, गाडेवाल्याचं दूध निम्म्यावर आलं. गिऱ्हाईक कुठल्या शेडमधलं, हे गाडेवाला त्याच्या अंगावरच्या तंतूंच्या रंगावरून ओळखतो. मला हे फार मोठं ज्ञान वाटतं.

गावभागाकडे चालायला लागतो. वळणावर सगळ्यांनाच ठसका लागतो. चटणी कुटायचा डंक सुरू आहे. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी. संकेश्वर इथून लांब नाही, सीमेपलीकडे. बायका डबे घेऊन बसल्यात, पदर नाकाला लावून. भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर घरून आणायचं, आपल्यासमोर कुटून घ्यायचं. वर्षाची चटणी आहे, कुणावर सोपवून चालत नाही. दोन तास बसावं लागलं तरी त्या बसतात.

दुपारी एकला खानावळीत हीच चटणी भेटते. पायऱ्यांवर माणसं बसलीत, पंखा आतल्यांसाठीच. आतून भाकरी थापल्याचा आवाज. घाम मानेवरून पाठीत उतरतो. आमचा नंबर येईपर्यंत दोनदा पाणी पिऊन होतं.

ताट येतं. सुकं मटण, भाकरी, कांदा, दोन वाट्या. आधी पांढरा रस्सा प्यायचा. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, खडा मसाला. हळद नाही, लाल तिखट नाही. जीभ निवते. मग तांबडा, आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. वाढपी जग घेऊन फिरतोच आहे. “पांढरा वाढू काय?” नको म्हटलं तरी वाटी भरते. कुणी काही बोलत नाही. चार मित्र इतका वेळ गप्प बसलेले मी क्वचितच बघतो.

तीन वाजता रस्ता तापून मोकळा. इथल्या राजवाड्याच्या इमारतीत आता वस्त्रतंत्राचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पोरापोरींची गर्दी तिथून निघते ती कॅफेकडे. आम्हीही एका कॅफेचा जिना चढतो. काचेचं दार लागतं आणि दिवसभर कानात असलेली खटखट पहिल्यांदा तुटते. एसीची गार हवा. उंच ग्लासात कोल्ड कॉफी, आतून चॉकलेटचे ओघळ. आमच्या लहानपणी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाची, पाहुणा आला तरच. इथल्या पोरांना ती रोज लागते. मला ते बरं वाटतं. मुलींना दोन तास निवांत बसता येईल अशी जागा मिसळीच्या हॉटेलात कधीच नव्हती.

शेजारच्या टेबलावर एक पोरगी वहीत विणीची आकृती काढते आहे. उभे धागे, आडवे धागे, चौकोन भरत जातात. दुसरी एअरजेट मागाचा वेग सांगते. 2011 च्या जनगणनेत पावणेतीन लाखांहून अधिक वस्तीचं हे गाव, 2022 पासून महानगरपालिका. पण कॉफीच्या टेबलावरही विषय सुताचाच.

वीज जाते. एसी थांबतो, इन्व्हर्टरवर एक दिवा लागतो. आमचा मित्र सवयीनं खिडकीशी जाऊन काचेला कान लावतो. खालच्या गल्लीतले मागही बंद पडलेत. चेहरा उतरतो त्याचा. वीज येईपर्यंत ग्लासाला हात लावत नाही.

संध्याकाळी नृसिंहवाडीला जायचं ठरलंय, बासुंदीसाठी. इथली पंचगंगा तिथं कृष्णेला मिळते. संगमावर बसायचं आणि वाटीभर बासुंदी सावकाश खायची. गाड्या काढतो तोच मित्राचा फोन वाजतो. बीम संपलंय, त्याला थांबायला हवं.

“तुम्ही जावा. मला काय यायला जमत नाही.”

“भावा, तुझी अर्धा किलो बांधून आणतो.”

“अर्धा नको, दोन किलो आण. कारखान्यातली पोरंबी हाईत.”