अँपिअर निम्मे, बिल तेवढंच

हैदराबादच्या बेगम बाजारात घाऊक दुकान चालवणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : 'सॉकेटमध्ये खोचायचा पॉवर सेव्हर घ्यावा का? विकणाऱ्याने माझ्यासमोर मीटर लावून करंट जवळपास निम्मा करून दाखवला.' सुकामेवा, मसाले आणि भांड्यांचा हा बाजार. काट्यावरची नजर न हटू देणाऱ्यांचा. तिथून हा प्रश्न यावा याचा आनंद झाला, कारण गोम मोजण्यातच आहे.

हा प्रयोग असा असतो. जुन्या तांब्याच्या चोकची ४० वॅटची ट्यूबलाइट लावतात. वायरला क्लॅम्प मीटर अडकवला की आकडा येतो ०.४३ अँपिअर. शेजारी डबी खोचली की तो उतरतो पाव अँपिअरच्या आसपास. 'देखो साब, आधा हो गया!' मीटर खोटं बोलत नाही. शाळेतलं सूत्रही पाठ असतं : व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २३० गुणिले ०.४३ म्हणजे ९९, डबीनंतर ५८. चाळीस टक्के बचत! गिऱ्हाईक पाकीट काढतं.

आता त्याच जागी साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा. तोही ०.४३ अँपिअरच घेतो. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध निघतो सुमारे ५३५ ओहम. (हाच बल्ब विझलेला असताना मल्टिमीटरने तपासला तर रोध भरतो जेमतेम ४० ओहम. तापलेल्या टंगस्टनचा रोध कितीतरी पट वाढतो. म्हणून भागाकारातले दोन्ही आकडे बल्ब पेटलेला असतानाचे हवेत.) म्हणजे दाब तोच, प्रवाहही तोच. तरीही बल्बसाठी १०० वॅटचा हिशेब लागतो आणि चोकसकट ट्यूबसाठी साधारण ५० वॅटचा. उरलेले ५० गेले कुठे?

कुठेच नाहीत, ते खर्च झालेच नव्हते. घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. बल्बमध्ये दाब आणि प्रवाह बरोबरीने चढतात-उतरतात. चोकमध्ये प्रवाह मागे रेंगाळतो. पुढे निघालेल्या झोक्याला पाठीमागून ढकललं तर जोर कामी येतो. तो मागे येत असतानाच ढकलायला गेलं तर झोकाच आपले हात मागे रेटतो. चोकही प्रत्येक आवर्तनात घेतलेली थोडी ऊर्जा लाइनला परत करतो. क्लॅम्प मीटर जाणं-येणं दोन्ही अँपिअरमध्येच धरतो. म्हणून व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराला पुन्हा पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. इथे तो सुमारे ०.५. डबीत असतो एक कपॅसिटर. ऊर्जेची ही ये-जा तो चोकशी परस्पर भागवतो, त्यामुळे लाइनमधला प्रवाह घटतो. ट्यूबचे ५० वॅट मात्र ५०च राहतात.

या घोळाला इतिहास आहे, आणि तो मला फार आवडतो. १८८० च्या दशकात एडिसनच्या ग्राहकांचं बिल चक्क तोलून काढत. मीटरमध्ये द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या असत. महिन्याला त्या नेऊन वजनातला फरक बघायचा. एकदिश प्रवाहाला तेवढं पुरे होतं. मग आला उलटसुलट वाहणारा प्रवाह. १८८८ मध्ये वेस्टिंगहाउसच्या ऑलिव्हर शॅलनबर्गरच्या आर्क दिव्यात एक बारीक स्प्रिंग पडली आणि आपोआप फिरू लागली. त्यातून त्याने मीटर बनवलं, पण तेही अँपिअरच मोजणारं. दिव्यांपुरतं ठीक होतं. मोटरवाल्याला मात्र परत केलेल्या ऊर्जेचेही पैसे पडले असते.

खरा तोडगा काढला बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ऑटो ब्लाथी या इंजिनिअरने. ट्रान्सफॉर्मरच्या तीन जनकांपैकीही तो एक. १८८९ च्या त्याच्या मीटरमध्ये एक वेटोळं दाब बघे, दुसरं प्रवाह, आणि दोघांचा मेळ जमेल तेवढीच तबकडी फिरे. ओहम, जूल, वॅट यांची नावं एककांना मिळाली. ब्लाथीची तबकडी घरोघरी फिरली, पण त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर हेच काम क्षणाक्षणाचे गुणाकार करून करतं. डबी क्लॅम्प मीटरला चकवते, त्याला नाही.

मग कपॅसिटर निरुपयोगी का? मुळीच नाही. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचप्रमाणे, म्हणजे पॉवर फॅक्टरचा भुर्दंड धरूनच, बिल येतं. अशा कारखान्यांना योग्य कपॅसिटर पैसे वाचवून देतो. घरात फार तर वायरिंगमधली उष्णता घटेल. ०.३ ओहमच्या वायरिंगमधून ५ ऐवजी ४ अँपिअर गेले तर वाचतात तीन वॅटहूनही कमी.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. बहुतेक नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुकी, तेही छापलेलं असतं, समजा ३२००. बाकी सगळं बंद करून फक्त चोकची ट्यूब लावा. पंधरा मिनिटांत सुमारे ४० लुकलुकी होतील. मग डबी लावून पुन्हा मोजा. आकडा घटला नाही तर डबी परत करा आणि त्या पैशांत २० वॅटची एलईडी ट्यूब आणा. तिने आकडा खरोखरच घटेल.