जॉर्जियातील पोलीस सुधारणा: लाच गेली, धाक राहिला

सोव्हिएत संघ फुटल्यानंतर स्वतंत्र झालेल्या जॉर्जियात 1990 च्या दशकात वाहतूक पोलिसांची शिट्टी वाजली की चालक निमूट खिशात हात घालत असे. पोलिसांचा पगार तुटपुंजा होता आणि तोही महिनोन्‌महिने थकत असे. नोकरीच मुळी पैसे मोजून मिळवलेली असल्याने रस्त्यावर वसुली करायची आणि तिचा वाटा वर पोचवायचा, असा शिरस्ता पडला होता. अशा साखळीतल्या एखाद्या शिपायाला निलंबित करून काहीच साधणार नव्हते.

नोव्हेंबर 2003 मधील ‘गुलाब क्रांती’नंतर मिखाइल साकाश्विली राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारने 2004 च्या उन्हाळ्यात सगळे वाहतूक पोलीस खातेच बरखास्त केले. सुमारे 16 हजार जणांना एकाच वेळी घरी पाठवण्यात आले. काही काळ रस्त्यांवर पोलीसच नव्हते, तरी आकाश कोसळले नाही. लोकांना या पोलिसांचा उपयोग किती होता, हे त्यातून पुरेसे कळते. नव्या गस्ती पोलीस दलात जुन्यांच्या मानाने फारच थोडी माणसे घेतली गेली. ती बहुतेक तरुण होती, आणि त्यांना जवळपास दहापट पगार मिळू लागला. लाच घेणारा सापडावा म्हणून साध्या वेशातले अधिकारी चालक बनून फिरत. पुढे काचेच्या भिंतींची पोलीस ठाणी उभी राहिली. 2005 च्या अखेरीस संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदा झाला आणि तुरुंगातूनही हुकूम चालवणारे टोळीप्रमुख गजाआड गेले किंवा देश सोडून पळाले.

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात 2003 साली 133 देशांत 124 व्या स्थानी असलेला जॉर्जिया 2012 मध्ये 51 व्या स्थानी आला. हे यश खरे आहे. सामान्य माणसाचा रोजचा अपमान त्याने थांबवला.

पण पोलिसांवरची सारी सत्ता गृहमंत्री वानो मेराबिश्विली यांच्या हाती एकवटली, आणि तिच्यावर अंकुश ठेवणारे कोणी उरले नाही. जानेवारी 2006 मध्ये त्बिलिसीत एका तरुण बँक अधिकाऱ्याचा खून झाला. त्यात गृहखात्याचेच अधिकारी दोषी ठरले. त्या तपासावर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2011 मध्ये कडक ताशेरे ओढले. खटल्यांत निर्दोष सुटका दुर्मीळ झाली आणि तुरुंग भरून वाहू लागले. सप्टेंबर 2012 मध्ये ग्ल्दानी तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर दिसल्या, लोक रस्त्यावर उतरले आणि 1 ऑक्टोबरच्या निवडणुकीत साकाश्विलींचा पक्ष हरला.

सरकारे बदलली, तरी पोलीस सत्ताधाऱ्यांच्याच मुठीत राहिले. 2024 च्या अखेरीस त्बिलिसीत निदर्शक आणि पत्रकारांना पोलिसांनी बेदम मारहाण केली. रस्त्यावरची लाच बंद करणाऱ्या या देशाने पोलिसांना जाब विचारणारी स्वतंत्र न्यायव्यवस्था मात्र उभी केली नाही, आणि ही सुधारणा तिथेच अपुरी राहिली.