सुखरूप उतरलेल्या विमानाचीही नोंद वाचा

विमान कोसळले की बातम्यांत आधी शोध सुरू होतो तो ब्लॅक बॉक्सचा. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड वॉरन यांना ही कल्पना १९५०च्या दशकात, कॉमेट विमानांच्या अपघातांचा तपास चालू असताना सुचली. तपासाला तिचा मोठाच आधार झाला. पण त्या विमानातल्या माणसांपुरते ते वरातीमागून घोडेच. म्हणून मोठ्या विमान कंपन्या सुरळीत पार पडलेल्या उड्डाणांच्या नोंदीही तपासू लागल्या, आणि २७ टनांहून जड विमानांसाठी आंतरराष्ट्रीय निकषांनी २००५ पासून हे आवश्यक ठरवले. नवखे वैमानिक ज्यांवर शिकतात त्या दोन-चार आसनी विमानांना मात्र असे बंधन नाही. गंमत अशी की त्यातल्या अनेकांत नोंदीची सोय आधीपासूनच आहे. सेसना १७२ किंवा डायमंड डीए-४० यांच्या नव्या आवृत्त्यांतली गार्मिन जी-१००० ही पडद्यांची यंत्रणा वेग, उंची, विमानाचा कल, इंजिनाचे तापमान असे डझनावारी आकडे दर सेकंदाला एका मेमरी कार्डावर लिहीत असते. नोंद आहे, वाचणारा नाही.

वाचून काय कळते? धावपट्टीकडे वळतानाचे शेवटचे वळण घ्या. विद्यार्थ्याला वळायला उशीर होतो, विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागते, मग तो कल वाढवतो आणि नाक वर खेचतो. सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होणारे, म्हणजे पंखांचा आधार सुटणारे विमान, उंची राखून ४५ अंशांच्या वळणात जवळपास ६० नॉटलाच स्टॉल होते. खाली उंची जेमतेम काही शे फूट. सावरायला जागाच नसते. पण समजा, वेग ६३ नॉटच्या खाली गेला नाही आणि चाके अलगद टेकली. सगळे म्हणणार, लँडिंग छान झाले. कार्डावर मात्र ‘कल ४५, वेग ६३’ अशी ओळ राहते, आणि शिकवण्यासारखे नेमके तिच्यातच असते.

शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो, मग आकडे कशाला, हा आक्षेप अर्धाच खरा. एकट्याने केलेल्या उड्डाणांत प्रशिक्षक नसतो. आणि पन्नास विद्यार्थी एकाच वळणावर चुकत असतील तर दोष विद्यार्थ्यांत नसून शिकवण्यात आहे, हे एका जोडी डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटा विद्यापीठाशी जोडलेला एनजीएएफआयडी हा नोंदसंग्रह अशाच एकत्रित अभ्यासासाठी आहे.

पाळत ठेवली जाईल, ही भीती अधिक गंभीर. प्रत्येक ओळीवर दंड होऊ लागला तर कार्डे ‘हरवू’ लागतील. म्हणून नावे झाकून अभ्यास, आणि चुकीला शिक्षेऐवजी जादा सराव, हे आधी लेखी ठरले पाहिजे. खोटेपणाला मात्र हे संरक्षण नको: भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि न उडालेले तास लॉगबुकात चढवले तर कार्डाशी ताळा जुळत नाही. आकड्यांनाही मर्यादा आहेच. कल का वाढला, झोत वाऱ्याचा की घाई विद्यार्थ्याची, हे कार्ड सांगत नाही. ते विद्यार्थ्यालाच समोर बसवून विचारावे लागते.

मुलाला वैमानिक करण्यासाठी लाखो रुपये भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेत विमाने किती आहेत हे तर विचारावेच. पण उड्डाणानंतर ते कार्ड कोण वाचते, आणि वाचून कोणाशी बोलते, हेही विचारावे.