चिठ्ठीवरचं ‘ओडी’
डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची अक्षरं नुसती पाठ करू नका, त्यामागचे लॅटिन शब्द बघा. ‘बीडी’ म्हणजे बिस इन डिए, दिवसातून दोनदा. हा ‘डिए’ आपल्या ‘दिवस’चाच नातेवाईक. ‘एसओएस’ला लोक उगाच घाबरतात, सि ओपुस सिट, गरज पडली तरच घ्या, एवढंच.

खरी पंचाईत ‘ओडी’ची. आपल्याकडे ते ‘दिवसातून एकदा’ म्हणून लिहितात. मूळ ओम्नी डिए, म्हणजे रोज. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तेच ओकुलुस डेक्स्टर, उजवा डोळा! संस्कृतातल्या अक्षि आणि दक्षिण या शब्दांची ही चुलत भावंडं. आता थेंबांच्या औषधापुढे नुसतं ‘ओडी’ असेल, तर रोज एकदा की उजव्या डोळ्यात? दोन्ही अर्थ बरोबरच. तिथे फार्मासिस्टनं अंदाज बांधू नये, सरळ डॉक्टरांना फोन करावा.